दुधी काच आणि कोरलेली काच यांना रंगाची एकच कृती नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काचेवर घरच्या घरी नक्षी उठवून तिच्यात रंग भरण्याच्या सचित्र कृती वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून अधूनमधून प्रसिद्ध होत असतात. नक्षी तयार झाली की तिच्यात आवडीचा ग्लास कलर भरावा, अशा अर्थाचे एक वाक्य त्यांत बहुधा असतेच. मी गेली अनेक वर्षे घरी काच कोरते आणि रंगवते. या एका वाक्यावर विसंबून बिघडलेल्या जेवढ्या काचा मी पाहिल्या, तेवढ्या हात घसरून बिघडलेल्या पाहिल्या नाहीत, आणि त्यांत माझ्या स्वतःच्याही काही आहेत. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

मुळात ‘नक्षी काढलेली काच’ या एका नावाखाली आपण दोन अगदी वेगळे पृष्ठभाग एकत्र करतो. एचिंग क्रीम लावून दुधी केलेल्या काचेवर खोली अशी जवळजवळ नसतेच. क्रीममधील फ्लोराइड क्षार काचेतील सिलिका वरच्या वर खातात आणि मागे डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक खळग्यांचा खरखरीत थर उरतो. हिऱ्याच्या कणांचे टोक बसवलेल्या फिरत्या यंत्राने कोरलेल्या काचेत मात्र खरोखरीच्या खाचा असतात, त्यांना तळ असतो, काठ असतात आणि नखाने त्या चाचपता येतात. पहिल्या पृष्ठभागावर रंग फक्त चिकटू शकतो, तर दुसऱ्यात तो साठू शकतो. हा फरक ध्यानात न घेता दोघांनाही एकाच रीतीने रंगवायला सांगणे हीच या कृतींची मूळ चूक आहे.

दुधी काच पांढरी दिसते ती तिच्यात पांढरे काही असते म्हणून नव्हे. खरखरीत पृष्ठभागावर काच आणि हवा यांच्या सीमेशी प्रकाश हजार दिशांना विखुरतो आणि तो विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढरा दिसतो. नेहमीच्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे तिच्यात शिरताना प्रकाश किती वाकतो याचे माप, सुमारे 1.52 आणि हवेचा जवळजवळ 1 आहे. या मोठ्या तफावतीमुळेच हे विखुरणे घडते. त्या खळग्यांत पाणी भरले की तफावत कमी होते, कारण पाण्याचा अपवर्तनांक 1.33 आहे, आणि ओल्या दुधी काचेतून पलीकडचे बरेचसे दिसू लागते. ॲक्रिलिक रंगातील बंधकाचा, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा, अपवर्तनांक 1.49 च्या आसपास, तर जवसाच्या तेलाचा 1.48 च्या आसपास असतो. म्हणजे पारदर्शक ग्लास कलर दुधी नक्षीवर लावला, की ते खळगे काचेसारख्याच पदार्थाने भरून जातात आणि ज्या दुधीपणासाठी आपण एवढा खटाटोप केला तो नाहीसा होतो. पाणी निदान वाळते आणि दुधीपणा परत येतो. रंग वाळला तरी खळग्यांतच राहतो. माझ्या पहिल्या मोठ्या तावदानावर मी वेलीची पाने हिरव्या पारदर्शक रंगाने भरली, तेव्हा दुसऱ्या दिवशी तिथे साध्या गुळगुळीत काचेवर हिरवे डाग पडल्यासारखे दिसत होते आणि नक्षी फक्त रंग न लागलेल्या देठांत शिल्लक होती. रंग खराब निघाला असे मला तेव्हा वाटले. प्रत्यक्षात रंग चांगला होता आणि त्याने जे करायला हवे तेच केले होते.

यावर सर्वांत स्वच्छ उपाय असा की सपाट काच असेल तर दुधी बाजूला हातच लावू नये आणि पारदर्शक रंग मागच्या गुळगुळीत बाजूवर द्यावा. मागून येणारा प्रकाश रंगातून गाळून पुढे येतो आणि पुढचा दुधी थर तो मऊपणे पसरवतो. रंगाच्या कडा थोड्या धूसर दिसतात, पण मला तरी ते दोष न वाटता गुण वाटतात. दुधीपणा आणि रंग दोन्ही एकाच बाजूला हवे असतील तर कोरडा रंग वापरावा. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीचे एक टोक दुधी ठेवलेले असते आणि त्यावर साध्या शिसपेन्सिलीने लिहिता येते, ते याच खरखरीतपणामुळे. रंगीत पेन्सिल किंवा मऊ पेस्टलची भुकटी त्याच न्यायाने दुधी काचेवर बसते, आणि सोबत बंधक द्रव फारसा नसल्याने कणांमधील हवा टिकून राहते व काच दुधीच दिसते. मात्र अशा कामावर वरून वॉर्निश फवारण्याचा मोह टाळावा, कारण वॉर्निशही द्रवच आहे आणि तेही खळगे भरते. ही काच दुसऱ्या काचेच्या मागे चौकटीत बंद करणे हेच तिचे खरे संरक्षण होय.

अपारदर्शक रंग द्यायचा असेल तर क्रीमसाठी चिकटवलेले व्हिनाइलचे स्टेन्सिल काढून टाकण्याची घाई करू नये. क्रीम पूर्ण धुऊन काच कोरडी करावी, स्टेन्सिल तसेच ठेवून स्पंजने पातळ थर टिपून टिपून द्यावेत आणि शेवटचा थर किंचित चिकट असतानाच स्टेन्सिल सोलावे. रंग पूर्ण वाळू दिला तर स्टेन्सिलबरोबर त्याच्या कडाही उचकटून येतात. दुधी भागाला रंगण्यापूर्वी बोटे लागू देऊ नयेत, कारण बोटांचे तेल त्याच खळग्यांत जाऊन बसते आणि त्या ठिकाणी रंग धरत नाही.

कोरलेल्या खाचांची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते रंगाचे खरे सुख तिथेच आहे. येथे रंग कुंचल्याने रेषेत भरायचा नसून तो सगळीकडे चोपडून पुसायचा असतो. आधी खाचांत अडकलेली काचेची पूड पाण्याने आणि मऊ ब्रशने काढून टाकावी. ती फुंकरीने उडवू नये. काच वाळल्यावर दाट, अपारदर्शक तैलरंग किंवा मेणात कालवलेली धातूच्या रंगाची पेस्ट बोटाने खाचांत दाबून भरावी. त्यानंतरच्या पुसण्यावर सगळे काम अवलंबून असते. मऊ, सैल फडका खाचेत शिरतो आणि भरलेला रंग उचलून आणतो, म्हणून फडका एखाद्या सपाट ठोकळ्यावर ताणून बांधावा किंवा जुन्या जाड पुठ्ठ्याची कड वापरावी, आणि रेषेच्या दिशेने न पुसता रेषेला आडवे पुसावे. गुळगुळीत भाग आरशासारखा स्वच्छ होतो आणि रंग फक्त खाचेत उरतो. ठशाच्या तांब्याच्या पत्र्यावर शाई भरणारे कारागीर हेच तंत्र वापरतात. तैलरंग वाळायला काही दिवस, तर दाट थर असल्यास काही आठवडेही लागतात, तोवर ती काच धुऊ नये. मेणाची पेस्ट तर गरम पाणी आणि साबण यांपुढे नंतरही टिकत नाही, म्हणून ती शोभेच्या वस्तूंसाठीच राखावी. क्रीमने केलेल्या उथळ नक्षीवर ही चोपडण्या-पुसण्याची रीत वापरली तर रंग जवळजवळ सगळा पुसला जातो आणि खरखरीत भागात फक्त मळकट छटा राहते, हेही कृतीत स्पष्ट लिहायला हवे.

क्रम उलटाही करता येतो, आणि त्याला मोठी परंपरा आहे. बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) काचकारागीर फ्रीड्रिख एगरमान (1777–1864) यांनी 1832 मध्ये काचेवर तांब्याच्या संयुगांचा माणकासारखा लाल थर भाजून चढवण्याची रीत सिद्ध केली. त्या लाल थरातून कोरले की खालची काच उघडी पडते आणि लाल भूमीवर फिकट चित्र उमटते. तसला थर घरच्या भट्टीत चढवता येत नाही, परंतु ओव्हनमध्ये पक्का होणारा रंग आधी पसरून भाजावा आणि मग त्यातून कोरावे, एवढे घरी नक्की जमते. यात रंग खाचेत भरण्याचा प्रश्नच उरत नाही आणि खाचेचा शुभ्र, चमकदार पोत अबाधित राहतो. ज्यांचा हात कोरण्यात बसला आहे त्यांनी ही रीत अवश्य करून पाहावी.

ओव्हनमध्ये पक्क्या होणाऱ्या रंगांबाबतही थोडे लिहिते. त्यांपैकी बरेच रंग साधारण 150 ते 160 अंश सेल्सिअस तापमानाला 30 ते 40 मिनिटांत पक्के होतात, पण प्रत्येक डबीवरचे प्रमाण वेगळे असते आणि तेच पाळावे. रंग आधी किमान एक दिवस हवेत वाळू द्यावा, काच थंड ओव्हनमध्ये ठेवून ओव्हनबरोबरच तापवावी आणि बंद ओव्हनमध्येच पूर्ण निवू द्यावी. तापलेल्या ओव्हनमध्ये थंड काच सरकवली तर ती तडकते, आणि कोरलेली काच लवकर तडकते, कारण प्रत्येक खाच ही काचेतील एक दुबळी रेषा असते. शिवाय असा रंग पक्का झाला तरी तो काचेवरचा पातळ थरच असतो, काचेशी एकजीव होत नाही. काचेशी एकजीव होणाऱ्या खऱ्या मिन्याला साधारण 550 ते 600 अंशांची भट्टी लागते, आणि ते घरगुती ओव्हनचे काम नव्हे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र पाठवणे मला आवश्यक वाटले, तो सुरक्षिततेचा. एचिंग क्रीममध्ये बहुधा अमोनियम बायफ्लोराइड असते आणि ओलाव्यात त्यापासून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते. हे आम्ल इतर आम्लांसारखे ताबडतोब भाजत नाही. सौम्य प्रमाणात ते कातडीतून आत मुरते, शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावते आणि वेदना कधी कधी काही तासांनी सुरू होतात, तोवर इजा खोलवर गेलेली असते. म्हणून क्रीम कातडीला लागले तर दुखत नसले तरी भरपूर वाहत्या पाण्याखाली धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे आणि डबी सोबत न्यावी. निओप्रीनचे किंवा जाड नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांवर बंदिस्त चष्मा आणि मोकळी हवा यांवाचून डबी उघडूच नये. लहान मुलांना सोबत घेऊन करण्याचा हा उद्योग नाही. क्रीम धुताना प्लास्टिकचे टब वापरावे, कारण चिनीमातीच्या बेसिनची चकाकीही हेच रसायन खाते.

कोरताना धोका निराळा असतो. काच ओली ठेवली तर पूड उडत नाही आणि टोकही तापत नाही, पण विजेवर चालणारे यंत्र पाण्याजवळ आणू नये. लवचीक दांड्याचे यंत्र असल्यास मोटार दूर ठेवता येते. मास्क आणि चष्मा दोन्ही हवेत. टफन्ड (तापवून झपाट्याने निववून मजबूत केलेली) काच कोरायला कधीही घेऊ नये, कारण तिच्या आतला ताण एका खोल खाचेने मोकळा होतो आणि संपूर्ण काच क्षणात तुकडे-तुकडे होऊन पडते. पिण्याच्या पेल्यांच्या आतल्या बाजूला रंग अजिबात नको, आणि बाहेरूनही ओठ लागणाऱ्या कडेपासून किमान 20 मिलिमीटर जागा कोरी सोडावी, मग डबीवर काहीही लिहिलेले असो.

माझी विनंती अशी आहे की यापुढे अशी कृती छापताना ती क्रीमने दुधी केलेल्या काचेसाठी आहे की कोरलेल्या काचेसाठी, हे शीर्षकातच सांगावे आणि दोन्हींची छायाचित्रे रंग वाळल्यानंतरची द्यावीत, कारण ओल्या रंगाचे छायाचित्र वाचकाला नेहमी फसवते. सुरक्षिततेच्या सूचना लेखाच्या शेवटी बारीक टाइपात छापल्या जातात, तिथपर्यंत वाचक पोहोचतो तेव्हा क्रीम लावून झालेले असते. डबी उघडण्याच्या पायरीच्या आधी, मुख्य मजकुराच्याच टाइपात, हातमोज्यांचे आणि डॉक्टरांकडे जाण्याचे वाक्य यावे.

आपली,
एक नियमित वाचक