लोहगावचं लिबरेटर आणि तीन ओळींचं उत्तर

मा. संरक्षणमंत्री यांस,

स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी पोस्टमनने पाकीट दिलं. दोन वर्षांत धाडलेल्या पाच पत्रांना तीन ओळींचं उत्तर : 'आपला विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.' कार्यालयाचं नाव घेत नाही. पण तिथल्याच एका साहेबांनी भर समारंभात माईकवर शब्द दिला होता, पुण्यात लिबरेटर, म्हणजे आमचं जुनं बॉम्बर विमान, उभं करू, जुन्या फिटरांच्या हस्ते फीत कापू. मी पहिल्या रांगेत होतो. टाळ्या मीही वाजवल्या.

माझं वय ७९. लोहगावला हवाई दलाच्या ६ नंबर स्क्वाड्रनमध्ये मी लिबरेटरचा इंजिन फिटर होतो. चार इंजिनं, प्रत्येकाला चौदा सिलिंडर. डावा कान त्या आवाजातच गेला. आमच्या हँगरमधले सहाजण नेहमी भेटायचो, आता दोघे उरलोय. त्या कार्यालयात मला दोन तास बाकावर बसवलं आणि 'उद्या या' म्हणून परत पाठवलं. गुडघे धरून तीन जिने उतरलो.

साहेब, ही विमानं आली कुठून, हे तुमच्या खात्यात कुणाला आठवतं का? महायुद्ध संपल्यावर परक्या फौजांनी कानपूरला ती मुद्दाम मोडून टाकली, पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून. त्या भंगारातून एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या माणसांनी चाळीसच्या आसपास लिबरेटर उभी केली. त्यांचे चाचणी वैमानिक जिमी मुन्शींनी ती कानपूरहून बंगळुरूला उडवत नेली. देश स्वतंत्र होऊन वर्ष झालं होतं! तेवढ्या काळात तुमच्याकडे माझी फाईल टेबलसुद्धा बदलत नाही.

१९६८ पर्यंत ती चालवली आणि मग वाटून टाकली. एक कॅनडाला, बदल्यात लायसँडर हे दुसरं जुनं विमान मिळालं, तेवढा व्यवहार शहाणपणाचा. एक अमेरिकेत ॲरिझोनाला. एक १९७४ साली ब्रिटनला. मुलीकडे गेलो तेव्हा हेंडनच्या आरएएफ, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या, म्युझियममध्ये ते पाहिलं. छताखाली, पुसून ठेवलेलं. दोरीच्या अलीकडे उभा राहून मी रडलो. नात घाबरली.

आणि अरुणाचल? महायुद्धात आसामहून चीनमधल्या कुनमिंगला हिमालयावरून जाणाऱ्या 'हम्प' हवाई मार्गावर पडलेली अमेरिकन विमानं ऐंशी वर्षं रानात आहेत. २०२३ मध्ये पासीघाटला त्यांचं संग्रहालय झालं, म्हणजे मनात आणलं तर होतं. आधी त्या विमानांतल्या वैमानिकांच्या अस्थी घरी जाऊ द्या, पत्र्याचं नंतर बघा. गावकऱ्यांनी त्या पत्र्याची भांडी केली असतील तर त्यांना मी दोष देणार नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पण उरलेलं तरी वाचवा, आणि त्यातला एखादा पंख, एखादं इंजिन पुण्यात आणा.

आपल्याकडे सगळं किलोवर विकलं जातं. ७१ च्या युद्धातली विमानवाहू नौका विक्रांत मुंबईत संग्रहालय होती. २०१४ साली दारूखान्याच्या जहाजतोडणी धक्क्यावर तोडायला काढली. साठ कोटींना! नव्या पुतळ्यांना पैसा आहे, खऱ्या वस्तूवर पत्र्याची शेड घालायला नाही. वरचा बदलला की खालचा म्हणतो, नव्याने अर्ज करा. सरकार कुठलंही असो, बाक तोच असतो.

मला आता छापील उत्तर नको. कुणी तरुण तंत्रज्ञ पाठवा, कागद-पेन्सिल घेऊन. कुठला नट कुठे अडकतो, कुठला पाइप आधी सोडवायचा, ते सगळं अजून हातात आहे. दुपारी दोननंतर मी घरीच असतो. उजव्या कानाशी बोलायला सांगा.

आपला,
एक निवृत्त इंजिन फिटर, पुणे