रोबो येईल तेव्हा येईल, पायऱ्या आधी काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुकानात गिऱ्हाइकाबरोबर फिरून मदत करणाऱ्या रोबोंवर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला होता. त्यावरची वाचकांची पत्रंही वाचली. ‘एवढी माणसं असताना यंत्राची सोबत कशाला?’ असा बहुतेकांचा सूर आहे. ज्यांना नीट दिसतं, भरलेली पिशवी उचलता येते, त्यांना हे थेर वाटणं साहजिक आहे. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, काचबिंदूमुळं दिसायचं बंद झालंय. तिच्याबरोबर बाजारहाट करते, म्हणून दुसरी बाजू लिहावीशी वाटली.

आमच्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात आक्काला माझी फारशी गरज लागत नाही. शाळू मुठीत घेऊन चोळून बघते, आजरा घनसाळ तांदूळ नाकाशी नेते, मिरचीचं देठ मोडून ओल आहे का ते ओळखते, आणि भावावरून दुकानदाराशी रीतसर भांडते. सुपरमार्केटमध्ये मात्र सगळं प्लॅस्टिकमध्ये बंद. मैद्याचा पुडा आणि तांदळाच्या पिठाचा पुडा हाताला सारखाच लागतो. तिथला मुलगा चांगला आहे. ‘आज्जी, तुम्ही बसा, काय पाहिजे ते सांगा, मी आणून देतो,’ म्हणतो. पण तेलं किती प्रकारची आहेत, कुठलं कितीला, तारीख कधीची, हे ऐकून आक्काला स्वतः ठरवायचं असतं. तेवढा वेळ त्याच्याकडं नसतो, आणि पुन्हा पुन्हा विचारायचा तिलाच संकोच वाटतो. परवा रिक्षात बसल्यावर म्हणाली, ‘पैसे माझे, सामान त्या पोराच्या पसंतीचं.’

म्हणून परदेशातले प्रयोग मी आवर्जून वाचले. जपानमध्ये क्योटोच्या एटीआर या संशोधन संस्थेनं २००९ साली रोबोवी नावाचा रोबो सुपरमार्केटात वृद्धांच्या सोबतीला दिला. घरूनच यादी कळवायची, दुकानाच्या दाराशी तो ओळखून पुढं येणार, बास्केट धरणार, काय राहिलं त्याची आठवण देणार. आजी-आजोबांना नुसतं काम करणाऱ्यापेक्षा दोन शब्द बोलणारा रोबो जास्त आवडला, असं त्या अभ्यासात दिसलं. उलट एडिंबराच्या एका दुकानात २०१८ मध्ये ठेवलेल्या रोबोला बिअर कुठं आहे विचारलं, तर तो ‘मद्याच्या विभागात’ एवढंच सांगायचा. त्याला लवकरच हलवावं लागलं. असलं उत्तर आक्काच्या काय कामाचं? तिला डावीकडं किती पावलं, वरून कितवी फळी, हे हवं.

आणि नेमकं तेच अमेरिकेतल्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीत झालं. तिथल्या संशोधकांनी आधी अंध गिऱ्हाइकांना फळीपर्यंत नेणारी रोबोकार्ट केली. पुढं त्यांनीच रोबो बाजूला ठेवून शॉपटॉक नावाचं उपकरण तयार केलं. त्यात गिऱ्हाइकाला बोलून रस्ता सांगितला जातो, आणि फळ्यांवर आधीच चिकटवलेले बारकोड वाचून वस्तू सापडते. मला हा प्रयोग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्याला चाकंही लागत नाहीत आणि चेहराही.

चाकांचं मुद्दाम लिहिते. महाद्वार रोड घ्या नाहीतर राजारामपुरी, कितीतरी दुकानांना दोन-तीन पायऱ्या आहेतच, फूटपाथवर गाड्या आणि बोर्ड. उद्या जगातला सर्वांत हुशार रोबो आणला तरी तो पायरीशी अडेल. व्हीलचेअर आजच अडते. दिव्यांगांसाठी झटणाऱ्या नसीमा हुरजूक यांच्या संस्थेचं काम १९८४ पासून ज्या गावात चालू आहे, तिथं दिव्यांग माणसानं दुकानाबाहेर थांबून वस्तू मागवावी, याचं मला फार वाईट वाटतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लोकांच्या वापरातल्या खासगी इमारतीही येतात, दुकानंसुद्धा. असलेल्या इमारती सुगम करायला त्यात पाच वर्षांची मुदत होती. ती कधीच सरली. महापालिकेनं परवाना देताना आणि नूतनीकरण करताना उतार आहे की नाही एवढं जरी बघितलं तरी पुष्कळ होईल.

राहिला यंत्राचा भाग. ज्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडली, त्या गावाला मागं मागं येणारी ट्रॉली किंवा पुड्यावरचा भाव आणि तारीख मराठीत वाचून दाखवणारं यंत्र अवघड नाही. इंजिनिअरिंगची मुलं दरवर्षी प्रोजेक्ट करतात, मार्क मिळाले की ते कपाटात जातं. यंदा एखाद्या गटानं हा विषय घ्यावा आणि कुठल्या तरी दुकानदारानं संध्याकाळच्या गर्दीतच तो वापरून बघू द्यावा. फक्त ते करताना ज्यांच्यासाठी करायचं त्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. वापरून बघायला आक्का तयार आहे, आणि चुकलं तर ती स्पष्ट सांगेल. इच्छुकांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवल्यास मी संपर्क साधेन.

आपली,
एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर