साडेचार तास मागचं घड्याळ

प्रिय सारंगचाचा,

तुमच्यासमोर बसून आभार मानायची सोय नाही. तोंड उघडलं की तुम्ही चाचींना चहा टाकायला सांगता आणि विषय कुणाच्या तरी मचव्याच्या इंजिनावर नेता. लिस्बनहून आल्यापासून तीनदा प्रयत्न करून झाला. म्हणून हे उघड पत्र. नातवाकडून वाचून घ्या, आणि मधेच नळ बंद करायला उठू नका.

वाचणाऱ्यांना तुमची ओळख थोडक्यात. एकतीस वर्षं मालवाहू बोटींवर, त्यातली शेवटची अकरा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून. हर्णैच्या मोहल्ल्यात तुमचं खरं नाव बहुतेक फक्त रेशन कार्डाला माहीत असेल. माझ्या बाबांचे तुम्ही दोस्त. अंजर्ल्याचा पूल व्हायच्या आधी तरीतून खाडी ओलांडून आमच्याकडे सुपारी न्यायला यायचात आणि सुपारीपेक्षा गप्पाच जास्त भरून न्यायचात. पुढे बाबा गेले. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि वाडी गेली. न्यायला सुपारी उरली नाही, तरी तुम्ही येत राहिलात.

लिस्बन विद्यापीठाच्या उन्हाळी पोर्तुगीज वर्गासाठी माझी निवड झाली तेव्हा फीची सोय शिष्यवृत्तीतून झाली होती, विमानाची नव्हती. मी इतिहास शिकते. चौल-वसईबद्दल काही धड वाचायचं तर पोर्तुगीज यायला हवं, हे मला पटलेलं होतं. दुसऱ्या कुणाला पटवायचं हा प्रश्न होता. ज्या कार्यालयातून एका सहीचं पत्र हवं होतं, तिथे मी सात खेपा घातल्या. सातव्या खेपेला टेबलापलीकडच्या बाई म्हणाल्या, "तुझं ते फ्रान्सचं ना?" बँकेतल्या साहेबांनी वाडीचे फोटो मागितले. दाखवले. "ह्यात झाडं कुठायत?" म्हणाले. अहो साहेब, तीच तर अडचण होती. नात्यातले एक गृहस्थ आहेत, दर मे महिन्यात सहकुटुंब आमच्याकडे आंबे खायला येतात. त्यांनी एवढंच विचारलं, की मुलीच्या जातीला इतक्या लांब कशाला? पैसे शेवटी तुम्ही दिलेत हे कळल्यावर त्यांनी नाक मुरडलं ते निराळंच. त्यांना माझं एकच सांगणं आहे, की विचारायला मी आधी त्यांच्याच दारात गेले होते.

पैशांबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पाकीट ओटीवर ठेवलंत, उडू नये म्हणून वर बाबांचा अडकित्ता ठेवलात. आई म्हणाली, कागद करूया. तुम्ही म्हणालात, "पोरगी लिहायला-वाचायलाच चाललीये ना? आली की तीच करेल कागद." ते पैसे मी फेडणार आहे, पहिला हप्ता दिवाळीनंतर. घड्याळाची फेड कशी करायची ते मात्र कळत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पाऊस असा होता की ओटीवरून अंगणातली तुळस दिसत नव्हती. आई दोन दिवस बोलली नव्हती. रडतही नव्हती. चिवडा बांधायची, परत सोडायची, परत बांधायची. जाऊ नको म्हणायचं नव्हतं आणि जा म्हणवत नव्हतं. तेवढ्यात तुम्ही आलात. छत्री दारात उपडी, डोक्याला टॉवेल, काखेत प्लास्टिकात गुंडाळलेला खोका. आत दापोलीच्या बाजारातलं भिंतीवरचं घड्याळ, पांढरं, हलकं, दोनेकशे रुपयांचं. आईला वाटलं, माझ्याबरोबर द्यायला आणलंत. तुम्ही खिळा मागितलात.

माजघरात बाबांच्या वेळचं घड्याळ आहे. त्याच्या शेजारी, वीतभर अंतर सोडून, तुम्ही स्टुलावर चढून खिळा ठोकायला लागलात. भिंत पावसाने ओली. पहिला खिळा मूठभर पोपडा घेऊन खाली आला, दुसरा बसला. मग सेल घातलात आणि मागचं बारीक चाक फिरवत काटे मागे नेलेत. मागे, अजून मागे. बाबांच्या घड्याळात साडेपाच, ह्याच्यात एक.

"हे पोरीचं घड्याळ," तुम्ही आईला म्हणालात. "ह्यात सकाळचे आठ झाले की ती चहा पितेय. ह्यात रात्रीचे अकरा झाले की झोपली. मधे जीव घाबरा झाला तर फोन नको घेऊ हातात. इकडे बघ."

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ती आपल्या मागनं येतेय?"

"साडेचार तास," तुम्ही म्हणालात. "काय लांब नाही."

चाचा, दोन दिवस मी तिला नकाशे दाखवत होते. नकाशात लिस्बन कुठल्या कुठे होतं. तुम्ही ते भिंतीवर वीतभर अंतरावर आणून टांगलंत. त्या संध्याकाळी तिने चिवड्याची गाठ मारली आणि पुन्हा सोडली नाही.

बोटीवर पश्चिमेला जाताना रात्री घड्याळं मागे करतात, हे तुम्ही मला लहानपणी सांगितलं होतं. झोप जास्त मिळते म्हणून खलाशी खूश, आणि पूर्वेला परत येताना तीच झोप कापली जाते म्हणून कप्तानापासून सगळ्यांना शिव्या. पण ही गोष्ट घरात मागे राहिलेल्या माणसाच्या कामाची आहे, हे कुणाच्या डोक्यात येतं? चाचींना मी हे बोलून दाखवलं तर त्यांनी कांदा चिरता चिरता मलाच सुनावलं. "एकतीस वर्षं मी बसले हिते. मला आणलं का एक घड्याळ? माझं पत्र पोचायचं तेव्हा बोट तिसऱ्याच मुलखात. आता म्हातारपणी अक्कल आली." तुम्ही तेव्हा मागच्या दारी जाळं बघत असल्याचं नाटक करत होतात. मी पाहिलं.

आता तिकडचं सांगते. फोनवर तुम्ही दर वेळी "पैसे जातायत तुझे, ठेव" म्हणायचात, त्यामुळे राहूनच गेलं.

आयुष्यात पहिल्यांदा कोरडा आषाढ पाहिला. आपल्याकडे हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, आणि तिथे जुलैभर निळंशार, करकरीत आभाळ. पहिल्या दिवशी धुतलेली ओढणी तासाभरात वाळली ह्याचं मला इतकं कौतुक, की मी ती दुसऱ्या दिवशी उगीच पुन्हा धुतली. सूर्य नऊ वाजता बुडतो. दिवेलागणीला शुभंकरोती म्हणायची सवय असलेल्या माणसाची फार पंचाईत होते, जेवून झालं तरी दिवेलागण व्हायची असते.

आणि मासळी! इकडे जून-जुलैची बंदी, होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या, बाजारात नुसतं सुकं. तिकडे गल्लीबोळात निखाऱ्यांवर तारल्या. वर फक्त जाडं मीठ. हळद नाही, तिखट नाही, आगळ नाही. पहिल्या घासाला वाटलं, बिचाऱ्यांना कुणी शिकवलं नाही. तिसऱ्या तारलीला मत बदललं. पावाच्या जाड कापावर मासा ठेवून खातात, सगळं तेल त्या पावात उतरतं, आणि तो पाव शेवटी खायचा. पाव मागायला मला वेगळं शिकावं लागलं नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वर्गातली इतर मुलं साबण, चावी, बादली, कोबी ह्यांचे पोर्तुगीज शब्द घोकत होती, मी नुसते उच्चार नीट करत होते. 'लिलाव' आला तेव्हा मात्र हसू आवरेना. हर्णै बंदरावर पाण्यात उभ्या असलेल्या बैलगाड्या, टोपल्यांभोवतीची ती गर्दी, ते ओरडणं, ह्याला आपण जो शब्द वापरतो तो ह्या लोकांचा! बाईंनी हसण्याचं कारण विचारलं. मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये हर्णैचा लिलाव सांगितला. बैल पाण्यात का उभे, हे शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही.

तुम्ही सांगितलेल्या दोन्ही जागा पाहून आले. लिस्बनच्या नदीवरचा तो मोठा पूल खरंच गुणगुणतो. वरच्या रस्त्याला काही भागात लोखंडी जाळी आहे, तिच्यावरून गाड्या गेल्या की नदीकाठी माशांच्या पोळ्यासारखा आवाज येतो. तुम्ही बोटीतून खालून जाताना ऐकलात, मी काठावर भेळ खाल्ल्यासारखी आईचा चिवडा खात ऐकला. मग फेरीबोटीने पलीकडे गेले. तुमची बोट दुरुस्तीला तीन आठवडे होती ती लिस्नाव्हची गोदी कधीच बंद पडली, पण तिची ती अजस्र चौकटीसारखी क्रेन अजून उभी आहे, वर नाव तसंच. फोटो पाठवला. मला वाटलं, तुम्हाला भरून येईल. तुमचं उत्तर आलं: "रंग द्यायला पायजे." सारंग तो सारंगच.

एक इमारत मात्र माझी मीच शोधली. कार्मोचं जुनं चर्च. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात त्याचं छप्पर कोसळलं, ते आजतागायत पुरं घातलेलं नाही. कमानी तेवढ्या आभाळाखाली उभ्या. त्याच साली, एप्रिलमध्ये, आपला सुवर्णदुर्ग आंग्र्यांच्या हातून गेला. मी तिथे उभी राहून निसर्गनंतरचं आमचं घर आठवत होते. कौलं गेली होती, वासे तेवढे दिसत होते. आम्ही पंधरा दिवसांत ताडपत्री घातली. ह्यांनी छप्पर घातलं नाही, तिकीट लावलं.

विद्यापीठाच्या आवारालाच लागून तोर्रे दो तोंबो हा त्यांचा मोठा दप्तरखाना. गोवा आणि लिस्बनमधल्या पत्रव्यवहाराचे खंड तिथे आहेत, त्यांना नाव आहे 'मान्सूनची पुस्तकं'. वाऱ्याच्या मोसमावर जहाजं सुटायची आणि पत्रं त्यांच्याबरोबर, म्हणून. म्हणजे आज प्रश्न विचारला की उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष. चाचींच्या पत्रांची गत काही नवी नव्हती म्हणायची.

घरमालकीणबाई सत्तरीच्या. खिडकीत त्यांच्या एक कुंडी, बारीक पानांची, गोल, आपल्या तुळशीची चुलत बहीण शोभावी अशी. जूनमधल्या संत अंतोनियोच्या सणाला ती एकमेकांना देतात, वर कागदी फूल खोचून. मी वास घ्यायला नाक पुढे केलं तर बाईंनी मला जवळजवळ ओढलंच. नाक लावलं तर रोप कोमेजतं म्हणे. तळहात वरून हलकेच फिरवायचा आणि मग हाताचा वास घ्यायचा. मला तुम्ही आठवलात, चाचा. तुम्ही आमच्या अडचणीला कधी नाक लावलं नाहीत. किती कमी पडतायत, कुणी नाही म्हटलं, का म्हटलं, काही नाही. बँकेपासून नातलगांपर्यंत सगळ्यांनी आधी वाकून नीट हुंगून घेतलं होतं.

आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातलं ते. दोन दिवस आईचा फोन लागेना. बातम्यांत खेडचं पाणी, चिपळूणचं पाणी. माझं वर्गात लक्ष नाही, पोटात गोळा. तिसऱ्या दिवशी पहाटे अनोळखी नंबरावरून तुमचा आवाज, मागे वारा. "आई बरी. पाणी पायरीच्या खाली. घड्याळ चालू." आणि कट. नंतर कळलं, आपल्या बाजूचे टॉवर बंद होते. नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून तुम्ही कड्यावरच्या गणपतीपर्यंत चढलात, तिथे एका कंपनीची रेंज मिळते म्हणून. त्र्याहत्तराव्या वर्षी, त्या पावसात. आणि त्याआधी वाकडी वाट करून आईला बघून आलात.

त्या तीन दिवसांत वीज नाही, फोन नाही, पण घड्याळ सेलवर चालत होतं. आई सांगते, ह्यात आठ वाजले की ती चुलीवर चहा ठेवायची. आपले दुपारचे साडेबारा. त्या वेळेला तिने जन्मात कधी चहा घेतला नव्हता. आता सवय लागलीये आणि दुपारचं जेवण दोनवर गेलंय, त्याची भरपाई तुमच्याकडूनच घ्यावी लागेल.

मी येऊन अडीच महिने झाले. घड्याळ उतरवलेलं नाही. मी एकदा म्हटलं, बरोबरच्या वेळेला लावून आत ठेवूया. आई म्हणाली, "असू दे. ती बाई एकटी राहते ना तिकडे." घरमालकीणबाईंबद्दल बोलत होती. दोघींनी एकमेकींना पाहिलेलंसुद्धा नाही.

तर काम असं आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे करतात. साडेचारचे साडेपाच होणार. मी आईला सांगितलं आणि काटा फिरवायला स्टूल घेतलं, तर तिने हात धरला. म्हणाली, चाचांनी लावलंय, त्यांना विचार. तेव्हा त्या रविवारी येऊन जा. चाचींना आणा. स्टुलावर मी चढेन, तुम्ही खालून किती ते सांगा.

तुमची,
अंजर्ल्याची पोर