पुरेसं खायला शिकवणाऱ्या आहारतज्ज्ञ ताईंना

प्रिय ताई,

वजन कमी कसं करायचं हे सांगणारे मला पावलोपावली भेटले. उतरलेलं वजन टिकवण्यासाठी पोटभर खायचं कसं, हे सांगणाऱ्या मात्र तुम्ही एकट्याच. तुमचे आभार मानायचे ते चारचौघांत, असं बरेच दिवस मनात होतं. कारण आज कितीतरी जण अशाच जागी उभे असतील : ठरवलेला आकडा काट्यावर आलाय, व्यायाम अंगवळणी पडलाय, आणि आता ताटात किती वाढून घ्यायचं ते कळत नाहीये.

तुमच्याकडे आले तेव्हा जो तो माझं कौतुक करत होता. रोज सकाळी धावणं, दिवसाआड वजनं उचलणं, मोजूनमापून जेवण, सगळं वेळच्या वेळी चाललं होतं. वजन ठरवल्यापेक्षाही खाली गेलं होतं आणि उतरतच होतं. पण मध्यरात्री भुकेने जाग यायची. सगळ्यांना उकडत असताना मला स्वेटर लागायचा. विंचरताना केसांचा पुंजका हातात यायचा. "बारीक झालीस की, असंच चालू ठेव," हे मी सगळीकडे ऐकलं होतं. तुम्ही फाइल बाजूला ठेवलीत, माझे हात हातात घेऊन गार पडलेली बोटं चाचपलीत आणि विचारलंत, "शेवटची पाळी कधी आली होती?"

तोवर कुणीही मला हे विचारलं नव्हतं. मला तारीख आठवेना, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत आणि घाबरवलंही नाहीत. "पगार कमी झालेल्या घरासारखं झालंय शरीराचं. ज्याच्यावाचून आज निभतं, ते आधी बंद करतंय," म्हणालात. मग डॉक्टरांकडून थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे हार्मोन्स तपासून घ्यायला लावलंत, दुसरं कारण नाही याची खात्री करून घेतलीत, आणि कागद-पेन घेऊन बसलात.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावरचं गणित इथे उतरवतेय, कारण इतक्या सोप्या भाषेत ते मला दुसरीकडे सापडलं नाही. समजा एखाद्या बाईचं वजन ५४ किलो आहे. त्यातली १२ किलो चरबी वजा केली तर उरतात ४२ किलो. ती दिवसाला १६०० कॅलरी खाते आणि व्यायामात ४०० खर्च करते. म्हणजे हृदय, मेंदू, हाडं, हार्मोन्स, केस, शरीराची ऊब या सगळ्यासाठी राहिल्या १२००. त्यांना ४२ ने भागलं की किलोमागे २९ सुद्धा पुरत्या होत नाहीत. निरोगी शरीराला चरबी वगळून उरलेल्या दर किलोमागे साधारण ४५ लागतात, आणि ३० च्या खाली बराच काळ राहिलं की मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संकेत मंदावू लागतात. पाळी चुकते, इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन उतरतं, हाडांची घनता घटते. तीस हा आकडा म्हणजे काही दगडावरची रेघ नाही, कुणाला त्याच्या वरही त्रास होतो, हेही तुम्ही बजावलंत. त्याच बाईला ४५ पर्यंत जायचं तर ४२ किलोंचे १८९० आणि व्यायामाचे ४०० धरून खायला हवं २३०० च्या आसपास. १६०० कुठे आणि २३०० कुठे! माझ्या कॅलरी मोजायच्या ॲपने सांगितलेला आकडा वजन उतरवण्यासाठीचा होता. तो जन्मभरासाठी नसतो, हे मला तिथे बसल्या बसल्या समजलं.

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात 'रेड-एस' (RED-S, म्हणजे व्यायामाच्या मानाने ऊर्जा कमी पडणं) असं नाव आहे, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली त्यावर एक निवेदनही काढलं आणि पुरुषांनाही हे होतं असं त्यात स्पष्ट म्हटलंय, ही माहिती तुमचीच. मी काही खेळाडू नाही. पण रोज मनापासून व्यायाम करणाऱ्या साध्या माणसालाही हाच नियम लागू पडतो, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणी प्रशिक्षक नसतो.

एका गोष्टीसाठी तर तुमचे किती आभार मानू! माझी सतत चिडचिड व्हायची, डोक्यात दिवसभर जेवणाचेच विचार असायचे, पाककृतींचे व्हिडिओ संपता संपायचे नाहीत. तेव्हा तुम्ही मला मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रयोगाबद्दल सांगितलंत. १९४४-४५ मध्ये अँसेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने निम्म्यासारख्या आहारावर ठेवलं होतं. त्यांचं वजन साधारण चौथ्या हिश्श्याने उतरलं. ती मुलं खाण्याशिवाय दुसरं बोलेनाशी झाली, काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली, त्यांना थंडी सोसेना, मन कशात रमेना. जेवण वाढवल्यावरही त्यांची भूक पुढे कित्येक महिने शमली नाही. हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझा स्वभाव बिघडला नव्हता, मी हावरट झाले नव्हते. मी उपाशी होते.

मग खाणं वाढवायचं ठरलं. तुम्ही दिवसाला दीडशे कॅलरी वाढवल्यात आणि दोन आठवडे तिथेच थांबायला सांगितलंत. गंमत म्हणजे पोट तर आधीही भरलेलं असायचं. ताट भरून पालेभाज्या, काकडी, सूप. त्याने पोट तुडुंब व्हायचं, पण अंगी काही लागायचं नाही. तुम्ही ताटाचा आकार तोच ठेवलात आणि त्यातला ऐवज बदललात. कोशिंबिरीवर एक मोठा चमचा तेल, म्हणजे १२० कॅलरी. मूठभर दाणे, म्हणजे साधारण १७०. धावायला जाण्याआधी एक केळं, परत आल्यावर दूध किंवा अंडी. प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम. आठवड्यातून एक दिवस व्यायामाला पूर्ण सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी जेवण कापायचं नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात जड गेली.

पहिल्याच आठवड्यात काटा किलोभर वर गेला. मी संध्याकाळी घाबरून फोन केला, तेव्हा तुम्ही बहुधा निघायच्या तयारीत असाल. तरी शांतपणे म्हणालात, "एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा जवळजवळ ७७०० कॅलरी जास्त जाव्या लागतात. आपण चार दिवसांत किती वाढवल्या?" मी म्हटलं, सहाशे. "मग ही चरबी कशी असेल? स्नायूंमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, भरतंय, आणि त्याच्या एका ग्रॅमसोबत तीन ग्रॅमच्या आसपास पाणी साठतं. उद्या धावताना पाय बघ कसे पडतात." दुसऱ्या दिवशी त्याच चढावर मी न थांबता वर गेले. वजन उतरायला लागल्यापासून व्यायामाचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

त्यानंतर रोजचा आकडा बघणं तुम्ही बंद करायला लावलंत. आठवड्याची सरासरी पाहायची आणि दोन किलोंच्या पट्ट्यात राहायचं, बस. सरासरी खाली सरकू लागली की आणखी दीडशे वाढवायच्या. पट्ट्याच्या वर जाऊन तिथेच राहिली तर थोडं थांबायचं. भीती वाटत होती तसं वजन उधळलं नाही. ते स्थिरावलं, आणि मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी वरच्या आहारावर. केस गळायचे थांबले, रात्रीची झोप परत आली. पाळी यायला मात्र वेळ लागला. प्रत्येक भेटीत मी त्याबद्दल विचारायचे आणि तुम्ही न कंटाळता म्हणायचात, "खात राहा, येईल." आली तेव्हा पहिला मेसेज तुम्हालाच केला होता.

बारीक होणाऱ्याचं कौतुक करताना "नीट जेवतेस ना?" हेही विचारावं, असं मला आता फार वाटतं. मी तरी आता विचारते. परवा व्यायामशाळेतल्या एका मुलीला विचारलं आणि ती रडायलाच लागली. तिला तुमचा पत्ता दिला आहे. ती आली तर जरा जास्त वेळ द्या, ही विनंती.

आणि माझं एक काम आहेच. मला आता लांब पल्ल्याचं धावायचं आहे. आठवड्याचे किलोमीटर किती वाढवायचे हे ठरवलंय. त्याबरोबर ताटात काय काय वाढवायचं ते तुमच्याशी बोलून ठरवल्याशिवाय सुरुवात करणार नाही. पुढच्या महिन्यात वेळ द्याल का?

तुमची ऋणी,
तुमच्याकडे येणारी एक जण