कॅलासचा आवाज अथेन्समध्ये घडला

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील ऑपेरा गायिका मारिया कॅलासवरचा लेख वाचला. तिचा प्रियकर, जहाजमालक ओनासिस आणि तिचे घटवलेले वजन यांनी बहुतेक जागा खाल्ली आणि तालमीच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या. शिवाय तिची कारकीर्द १९४७ साली वेरोनात ‘ला जोकोंदा’ या ऑपेराने सुरू झाल्याचे त्यात म्हटले आहे. ती इटलीतली सुरुवात. ग्रीक रंगमंचावर तिने १९४१ मध्येच ‘बोकाचिओ’त छोटी भूमिका केली होती. १९४२ मध्ये, अठराव्या वर्षी, ती ‘तोस्का’ गायली आणि १९४४ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या अथेन्समध्ये, हेरोडस अ‍ॅटिकसच्या खुल्या रंगमंदिरात, ‘फिदेलिओ’. तेही ग्रीक भाषेत.

न्यूयॉर्कमध्ये १९२३ साली जन्मलेली ही मुलगी आईबरोबर १९३७ मध्ये अथेन्सला आली. पहिल्या गुरू मारिया त्रिवेला. नंतर अथेन्स कॉन्झर्व्हेटरीत स्पॅनिश सोप्रानो (सर्वांत उंच पट्टीतली गायिका) एल्व्हिरा दे इदाल्गो. खरी कमाल या दुसऱ्या बाईंची. आवाज मुळात गडद आणि जड. असा आवाज हाती लागला की शिक्षक त्याला दणदणीत भूमिकांकडे ढकलतात. दे इदाल्गोंनी त्याला हलके ठेवून पळायला शिकवले: स्वरपंक्ती, अर्पेजिओ (स्वरमेळातले सूर एकामागून एक घेणे), अर्ध्या-अर्ध्या सुरांच्या ताना, ट्रिल (दोन शेजारच्या सुरांची जलद अदलाबदल).

यामागे कारण आहे. सोप्रानोचा छातीचा, म्हणजे खालचा भरदार आवाज पियानोवरच्या मधल्या ‘सी’च्या वरच्या ई-एफ सुरांच्या आसपास संपतो. हा पहिला सांधा, आवाजाचा पोत बदलण्याची जागा. दुसरा सांधा त्याच्या साधारण एक सप्तक वर. जड आवाजाची गायिका जोर लावून छातीचा आवाज पहिल्या सांध्यापलीकडे ओढत नेते. काही काळ टाळ्या मिळतात, मग मधला भाग पोकळ होतो आणि वरचा सूर डळमळतो. यावर जुना उपाय म्हणजे एकच सूर एका श्वासात अगदी बारीक सुरू करायचा, फुलवत मोठा करायचा आणि स्वरस्थान न हलवता पुन्हा बारीक करत न्यायचा. ट्रिलही आधी दोन शेजारचे सूर संथ लयीत, स्वच्छ आणि सारखे घेऊन बसवतात. घाईने गळा हलवला तर नुसती थरथर होते. कॅलासचे सांधे पूर्ण बुजले कधीच नाहीत, खालचा, मधला आणि वरचा असे तिचे तीन आवाज वेगळे ऐकू येतात. मला तो दोष वाटत नाही, पण तसे मानणारे पुष्कळ आहेत.

पाठांतराचे एक सांगायला हवे. तिची नजर इतकी अधू होती की रंगमंचावर चष्म्याशिवाय वाद्यवृंदाच्या संचालकाची काठी दिसत नसे. त्यामुळे वाद्यवृंदासकट सगळे संगीत डोक्यात ठेवणे भागच होते. १९४९ च्या जानेवारीत व्हेनिसला ती वाग्नरच्या ऑपेरातली ब्रुनहिल्डेची अवजड भूमिका गात असताना ‘इ पुरितानी’ या दुसऱ्या ऑपेराची नायिका आजारी पडली. संचालक सेराफिन यांनी ती चपळ, नाजूक भूमिका कॅलासला दिली. तिने ती आठवड्याभरात बसवली आणि त्याच महिन्यात गायली. अथेन्सच्या त्या हलक्या तालमीशिवाय हे जमलेच नसते.

आता आवाज उतरण्याबद्दल. वजन घटवल्यानेच तो उतरला, असे म्हटले जाते. १९५३-५४ मध्ये तिने तीसहून अधिक किलो वजन घटवले, हे खरे. श्वासाचा आधार त्याने कमी झाला असेलही. पण तुरान्दोत, इझोल्डे, ब्रुनहिल्डे या अवजड भूमिका तिने पंचविशीच्या आसपासच गाऊन टाकल्या होत्या, आणि वरचे काही सूर वजन घटण्याआधीच्या ध्वनिमुद्रणांतही डोलतात. निरोगी आवाजातला कंप सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा होतो. तो संथ आणि रुंद झाला की कानाला हेलकावा जाणवतो.

पडताळायचे असेल तर ‘नोर्मा’ या ऑपेराची स्टुडिओतली दोन ध्वनिमुद्रणे लावावीत, १९५४ चे आणि १९६० चे. दोन्ही मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाची, संचालक दोन्हींत सेराफिनच. त्यातल्या ‘कास्ता दीवा’ या गाण्यामध्ये वरचा ‘ए’ पुन:पुन्हा येऊन ‘बी फ्लॅट’वर चढतो, ती जागा ऐकावी. पहिल्यात सूर ठाम आहे. दुसऱ्यात तो ताणलेला, जरा हललेला आहे. मात्र मधल्या सुरांतला ओलावा आणि शब्दांची फेक दुसऱ्यातच जास्त आहे. शेवटच्या अंकासाठी मी १९६० चेच ध्वनिमुद्रण लावतो.

– एक वाचक, पुणे