एक मूठ जास्तीची

प्रिय भो,

फोनवर तू रडलास आणि मला काहीच बोलता आलं नाही, मागे दारावर आलेल्या बायांचा गलका, आई हाका मारतेय, मंडपवाला हिशोबाला उभा. म्हटलं निवांत लिहू. आता जिजीची, माझ्या आजीची, गंधमुक्ती होऊन बारा दिवस झाले, पाहुणे गेले, सतरंज्या परत केल्या, घर एकदम मोठं मोठं वाटायला लागलंय. म्हणून आज बसलोय. लांब होणार आहे, एका बैठकीत नाही जमलं तर दोन बैठकीत वाच.

आधी हे, की सुट्टी मिळाली नाही ते मनाला लावून घेऊ नको. तू उधन्याला गाडीत बसला असतास तरी इकडे सगळं आटोपलं असतं. जिजी नेहमीसारखी चारला उठली, मागच्या चुलीवर पाणी तापवलं, ओट्यावर येऊन बसली, दूधवाल्याला विचारलं की म्हैस व्याली का, काय झालं, पारडू की पारडी. मग आत आली, आईला म्हणाली जड वाटतंय गं, आणि अर्ध्या तासात संपलं. म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईनं शेवटची चौकशी कसली केली तर दुसऱ्याच्या म्हशीची. मला आधी वाईट वाटलं, आता हसू येतं.

चौकशीची तिला हौसच होती रे, आपण लाजायचो आठवतं का? एसटीत धुळ्याला निघालो की शेजारच्या बाईचं माहेर, सासर, पोरगी किती शिकली, जावई काय करतो, सगळं धुळं यायच्या आत तिला पाठ, आणि उतरताना ती बाई हिला घरी यायचं आवतण देऊन जायची. आणि ही खरंच जायची! आपल्या अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात तू हरवलास, रथाच्या दिवशी, तेव्हा माईकवर नाव पुकारायच्या आधी तू सापडलास कारण निम्मे दुकानवाले जिजीच्या ओळखीचे. फुगेवाल्यानं धरून आणलं होतं तुला, हातात फुकटचा फुगा.

पोटात मात्र काही राहायचं नाही तिच्या. कुणाचं लग्न ठरतंय, कुणाचं मोडलं, सांज व्हायच्या आत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. त्यावरून भांडणंही झालीत, समोरच्या काकू दोन वर्ष बोलत नव्हत्या. दारावर बसायला आलेल्यांनी तिला अगदी देवी करून टाकलं, भोळी होती, साधी होती. भोळी? जिजी? मला तिथंच हसू फुटणार होतं.

तेच तुला सांगायचंय. ती भोळी नव्हती, भलतीच हुशार होती, आणि त्या हुशारीत तू पण सापडलेला आहेस, तुला पत्ता नाही.

मिल बंद पडली ते वर्ष आठव. तुझे बाबा सुरतला काम बघायला गेले आणि तुम्ही मायलेकरं सहा-सात महिने इथंच. तुझी आई कशी ते तुला माहीत, कुणी वाटीभर साखर दिली तरी दुसऱ्या दिवशी वाटी भरून परत, रिकामी नाहीच. तेव्हा रोज दुपारी शाळा सुटली की जिजी ओट्यावरून तुला हाक मारायची, "आठे ये रे भो, मीठ देखी ले जरा." आणि तू जायचास. मीठ बघायला वाटीभर भाजी. नुसती भाजी कशी कळेल, म्हणून भाकरी. एका भाकरीत अंदाज येत नाही म्हणून दुसरी. कळण्याची असली तर वर ठेचा आणि कच्चं तेल. मी तिथंच बसलेला, सख्खा नातू, आणि मला कधी विचारलं नाही. मी एकदा चिडलो तर म्हणे, "तुनी जिभले काई कळत नई." मी खरं मानलं रे! कित्येक वर्ष मला वाटायचं माझी जीभच खराब आहे. तिनं तोवर चाळीसेक वर्ष स्वयंपाक केला होता, डोळे मिटून मीठ टाकायची ती.

तुझ्या आईसाठी वेगळी युक्ती. उन्हाळ्यात बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, वेळेस सांगावा, माझे हात दुखताहेत, घाटा हलवायला ये ना माय. पहाटे तुझी आई यायची, दोघी मिळून ते भलं मोठं पातेलं हाटायच्या, मग खाटांवर धोतरं पसरून ऊन चढायच्या आत बिबडे टाकायच्या, आणि आपण पोरं घाट्यावर तेल ओतून खात बसायचो. वाळले की टोपलीभर बिबडे, वर उडदाचे पापड, तुझ्या घरी. ही मदत नाही, ही तुझ्या आईची मजुरी, म्हणून त्या टोपलीच्या बदल्यात काही परत आलं नाही कधी. हात कसले दुखताहेत, त्याच आठवड्यात तिनं खापरावर दीडशे पुरणपोळ्या केल्या होत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, कोपरापर्यंत पोळी पसरवून.

गंधमुक्तीच्या दिवशी जेवणं झाल्यावर काही जण मागे रेंगाळले. शिलाईवाली मावशी म्हणाली, मला जिजी मीठ बघायला बोलवायची, तिचा माझ्यावर फार विश्वास. तिकडून रिटायर कंडक्टर काका, अरे मला पण! मग मागच्या गल्लीतला एक पोरगा, आता बँकेत आहे, तो गप्पच बसला आणि मग म्हणाला, मी पण. प्रत्येकाला वाटत होतं जिजीच्या घरचं मीठ आपल्या एकट्याच्या जिभेवर चालतं. आम्ही आधी हसलो आणि मग कुणीच कुणाकडे बघेना.

आता एक गोष्ट जी तिथं कुणी बोललं नाही. हे सगळं चालायचं कुणाच्या जिवावर, तर आईच्या. जिजीनं ओट्यावरून हाक मारायची आणि आत आईनं पीठ मळायचं. थंडीत भरताचा बेत ठरला की जिजी पंधरा माणसं सांगून मोकळी, वांगी काड्यांवर भाजायची, सोलायची, बडगीत ठेचायची आईनं, धुरानं डोळे लाल. आई पुटपुटायची, सासूबाईंचं पुण्य आणि माझी कंबर, हे तर मी लहानपणापासून ऐकतोय. हे लिहिलं नाही तर खोटं होईल. जिजी स्वतः पण राबायची, पण नाव तिचं व्हायचं. आपल्या गावात विप्रो १९४५ ला वनस्पती तुपासाठी निघाली, ज्यांनी शेअर धरून ठेवले ते कोट्यधीश झाले, आणि आमच्या जिजीनं काय धरून ठेवलं तर तुपाचे रिकामे डबे, पापड भरायला. त्यावरून आई तिला चिडवायची. दोघींचं असं पण चालायचं, नुसतं भांडण नव्हतं.

आणि आता कानबाईचं, आपल्या खानदेशातल्या देवीचं. तुला रोटाचा नियम माहीत आहे ना, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ मोजून घ्यायचे आणि ते रोट भाऊबंदांतच संपवायचे, बाहेर तुकडा जाऊ द्यायचा नाही. तू मात्र दरवर्षी आमच्या पंगतीत बसून रोट खाल्लेत, गंगाफळाची भाजी लावून. आपल्याला वाटायचं जिजी कानाडोळा करते. परवा आईनं सांगितलं, की ज्या वर्षी मिल बंद पडली त्या श्रावणात जिजीनं गहू मोजताना एक नाव जास्तीचं घेतलं. चुलत आजी तिथंच उसळली, परका पोरगा, कुळाचार बाटवते का. जिजी म्हणे, "हाऊ बी मना नातूच शे, कानबाईले मी सांगी दिधं." एवढंच. चुलत आजी त्या वर्षी जेवली नाही. पण मूठ पडली. तुम्ही सुरतला गेलात तरी दरवर्षी पडत राहिली, तू येवो न येवो, तुझ्या वाटचा रोट घरातल्या कुणीतरी खायचा. आम्ही कुणी मुठी मोजल्याच नाहीत कधी.

यंदा दुखवटा आहे, कानबाई बसणार नाही. पुढच्या आखाजीला जिजीची घागर भरायची, खरबूज आणि सांजोऱ्या ठेवून, ते मी बघतो. खापर फुटायच्या आत कुणीतरी शिकायला पाहिजे, बायको म्हणते मी प्रयत्न करते, पहिली पोळी चुलीत गेली तर हसायचं नाही.

काल रात्री आई भांडी आवरता आवरता बोलली, पुढल्या श्रावणात गहू मीच मोजणार आता, नावं सांग एकदा, विसरायला नको. मी सांगायला लागलो, बाबा, काका, मी, माझा पोरगा, काकाचे दोघं. आई म्हणाली, आणि सुरतवाला? त्याचा पोरगा पण धरू का, की त्याला विचारावं लागेल?

तर विचारतोय. पोराचं पाळण्यातलं नाव कळव, आई म्हणते घरात हाक मारता ते चालणार नाही. आणि तुझ्या आईला सांग, बिबड्यांना हात दुखताहेत म्हणून निरोप आहे, ह्या वेळेस माझ्या आईचा.

तुझाच,
खराब जिभेचा