लिटरभर दूध पितो, मग रक्त कमी कसं?

कोल्हापूर
रविवार, दुपार

प्रिय प्राजूस,
अनेक आशीर्वाद.

अर्णवच्या रिपोर्टचा फोटो काल रात्री मोठा करून पाहिला. हिमोग्लोबिन ९.१. खालच्या ओळीतला एमसीव्हीही कमी आलाय, म्हणजे तांबड्या पेशी आकारानं लहान राहिल्यात. लोह कमी पडलं की रिपोर्ट असाच येतो. "दिवसाला लिटरभर दूध पितो गं, मग रक्त कमी कसं?" असं विचारलंस आणि तेवढ्यात तुझी मीटिंग लागली. घाईत सांगण्यासारखं ते नव्हतंच. प्राजू, लिटरभर पितो म्हणूनच कमी आहे.

लिटरभर दुधात लोह असतं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. तेरा महिन्यांच्या लेकराला दिवसाला लागतं सात-आठ मिलिग्रॅम. आईच्या पोटातून बाळ लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो. पुढे जे मिळायचं ते वाटीतून. त्यात दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन जेवणातलं लोह नीट शोषू देत नाहीत, म्हणून खिचडीच्या घासावर दूध पाजलं की खिचडीतलं लोहही बरंचसं वाया जातं. काही बाळांच्या आतड्यातून जास्त दुधानं थोडं थोडं रक्तही जातं, शीमध्ये डोळ्यांना न दिसण्याइतकं. आणि पोटाला जागाच उरत नाही, ते वेगळंच. तुझ्याकडे येतं ते म्हशीचं, सहा टक्के फॅटचं. त्याच्या एका लिटरमध्ये नऊशेच्या घरात कॅलरी असतात आणि अर्णवएवढ्या मुलाची दिवसभराची गरजच आठशे ते हजार. मग जेवणाला भूक लागणार कुठून? तो खात नाही म्हणून तू आणखी एक बाटली भरतेस. लोह उतरलं की भूक अजूनच मरते, की पुन्हा बाटली. शी खड्यासारखी होते म्हणत होतीस, तेही या जादा दुधाचंच.

गुटगुटीत दिसतो म्हणून सगळे खूश आहेत. वॉर्डात अशी लेकरं पुष्कळ यायची, गोरीपान, गोबऱ्या गालांची, आणि हिमोग्लोबिन सहा. गोरेपण नसतं ते, फिकेपणा असतो. त्याचा खालचा ओठ आणि डोळ्याची खालची पापणी जरा ओढून आतला रंग बघ. उजेडात बघ, ट्यूबलाइटखाली नको. तळहातावरच्या रेघा गुलाबी आहेत का, तेही. लोह कमी पडलं की काही लेकरं माती किंवा भिंतीचा चुना चाटतात. अर्णव चाटतो का, हे तू सांगितलं नाहीस.

रात्री तीनच्या बाटलीबद्दल मी आज बोलणार नाही. दिवसभर ऑफिस करून तू रात्री उठतेस, मला कळतं.

तर दूध किती? दिवसाला ४०० मिली. फार तर ५००, तेही दही-पनीर धरून. कॅल्शियम कमी पडेल अशी भीती तुझ्या सासूबाईंना वाटते, त्यांना हिशेब सांग: गाईच्या १०० मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे ४०० मिलीत ४८० झालं. या वयाला रोजचं हवं ५००. म्हशीच्या दुधात तर ते याहून जास्त. उरलेलं नाचणी भरून काढते. सकाळी उठल्यावर १५० मिली, दुपारी चारला १२५, रात्री जेवणानंतर तासा-दीड तासानं १२५. एवढंच. सकाळचं दूध आणि नाश्ता यांतही दीड तास जाऊ दे. वाटीभर दही दिलंस त्या दिवशी चारचं दूध गाळ. एकदा मापानं ओतून बघ, त्याच्या स्टीलच्या फुलपात्रात किती मावतं ते कळेल, मग रोज मोजायला नको.

गाईचं की म्हशीचं, यावर घरात भांडू नका. गाईचं साडेतीन-चार टक्के फॅटचं या वयाला सोपं पडतं. म्हशीचंच येत असेल तर ३५० मिलीवर थांब. पाणी घालून पातळ करू नकोस, त्यानं पोट भरतं आणि अंगी काही लागत नाही. डबल टोन्ड नको, दोन वर्षांपर्यंत मुलांना फॅट लागतं. साखर, चॉकलेटची पावडर, दुधात बुडवलेलं बिस्कीट, सगळं बंद. चहात बुडवलेली खारी तर मुळीच नको, चहा लोह अडवतो.

बाबांचं मी बघते. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध नातवाला पाजायचं त्यांच्या मनात आहे. तालमीतली पोरं कशी त्या दुधावर उभी राहिली, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. पैलवान दिवसभर घाम गाळतो आणि वर दोन वेळचं मटण-भाकरी खातो. तेरा महिन्यांच्या पोटात एका वेळी अडीचशे मिली गेलं की ते भरलं. शिवाय न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला हा तापाचा जंतू येतो, टीबीचे जंतू येतात. तुम्ही दिवाळीला याल तेव्हा ते तांब्या घेऊन निघालेच, तर दूध घरी आणून चांगली उकळी येईपर्यंत तापवायचं, मगच त्याच्या ओठाला. हे मी त्यांनाही सांगितलंय. ते गप्प बसले, म्हणजे पटलं असं मी धरते.

तू या वयाची होतीस तेव्हा आक्कांच्या मांडीवर बसून त्यांच्याच ताटातला भात मुठीनं खायचीस. आमटी कोपरापर्यंत ओघळायची, आक्का हात पुसायच्या नाहीत की कुणाला पुसू द्यायच्या नाहीत. नव्या वाड्यातल्या मुंजीत तू पंगतीत बसून अख्खा वरणभात संपवलास, त्याचा फोटो अजून आहे, कपाळावर शीत चिकटलेला. दूध बघितलं की मात्र तोंड फिरवायचीस. आज तू अठरा माणसांची टीम सांभाळतेस आणि त्याच्या लशीची एक तारीख चुकू देत नाहीस. मला तुझं फार कौतुक वाटतं, समोर असलीस की बोलायचं राहून जातं.

सांगत होते जेवणाचं. दिवसात तीन जेवणं, मध्ये दोन वेळा थोडं काही. सकाळचं सोडून आधी घास, नंतर तासा-दीड तासानं दूध. सकाळी मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व. मोड आणल्यानं लोह अडवणारं फायटेट कमी होतं. दुपारी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, त्यात मूठभर पालक किंवा माठ, चमचाभर तूप, आणि ताटात काढल्यावर वरून लिंबाचे चार-पाच थेंब. लिंबू विसरू नकोस. डाळ-भाजीतलं लोह शोषायला सी जीवनसत्त्व लागतं, आणि लिंबू शिजवलं तर त्याचा उपयोग कमी होतो. मधल्या वेळेला पेरूचा बिया काढलेला गर. एक आख्खं अंडं, पिवळ्यासकट. भाजी लोखंडी कढईत परत, फक्त शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढ.

मटणाचं नीट ऐक. आपल्याकडे मटण शिजलं की लेकरांना अळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, पाजतात आणि ताकद आली म्हणतात. त्या पाण्यात लोह फारसं नसतं, ते मांसात असतं. दोन मऊ तुकडे काढायचे, आडवे धागे तोडून अगदी बारीक करायचे, अळणीतच कालवून दोन-तीन चमचे भरवायचे. आठवड्यातून दोनदा पुरे. कलेजी एकदाच, चमचाभर, तिच्यात ए जीवनसत्त्व फार असतं. गुळानं रक्त वाढतं म्हणून कुणी दुधात गूळ घालायला सांगेल. गूळ कोल्हापूरचा असला तरी शेवटी साखरच, दोन वर्षांच्या आत नको.

आता बाटलीचं बोलतेच. बोलणार नाही म्हटलं होतं, पण रिपोर्ट समोर आहे. तीन वाजता दीडशे मिली, म्हणजे सकाळच्या भुकेचा तिथेच निकाल. झोपेत तोंडात राहिलेलं दूध वरच्या पुढच्या दातांवर साचतं, तिथे आधी खडूसारखे पांढरे पट्टे येतात, मग तपकिरी डाग, मग दात किडतो. एकदम बंद करू नकोस. दोन रात्री १२०, दोन रात्री ९०, मग ६०, मग ३०, आणि बंद. पुढे उठला तर थोपट, हवं तर दोन चमचे पाणी. तीन-चार रात्री रडेल. दिवसा बाटली दिसणार नाही अशी ठेव आणि फुलपात्रानं पाज. निम्मं सांडेल, सांडू दे. दीड वर्षाच्या आत बाटली घरातून गेलेली बरी.

लोहाचं औषध दुधाबरोबर देऊ नकोस. दोन खाण्यांच्या मध्ये, मोसंबीच्या चमचाभर रसाबरोबर. ड्रॉपर गालाच्या आत मागच्या बाजूला धर, नाहीतर दातांवर काळे डाग पडतात. नंतर ओल्या फडक्यानं दात पूस. शी काळी होईल, घाबरू नकोस. दुकानदारानं दुसरी कंपनी दिली तर बाटलीवर 'एलिमेंटल आयर्न', म्हणजे प्रत्यक्ष लोह, किती आहे आणि ते १ मिलीत की ५ मिलीत, हे वाचूनच दे. ड्रॉप्स आणि सिरप यांच्यात कित्येक पटींचा फरक असतो. सरकारी आरोग्यसेविका, आपल्या आशाताई, आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायला सांगतात ते सिरप प्रतिबंधाचं. उपचाराचा डोस चालू असताना तेही द्यायचं का, हे डॉक्टरांना विचार. आणि बाटली फ्रीजवर, त्याचा हात पोचणार नाही तिथे. लोहाचं औषध लेकरानं गटागटा प्यायलं तर जिवावर बेततं, हे मी उगाच म्हणत नाही.

पुन्हा शिकवायला बसले. तू चिडशील, आणि चिडणं बरोबर आहे. तुझ्या लेकराचं तूच बघतेस. रात्री तो उठला की मी पुण्यात नसते, तू असतेस. रागावू नकोस.

एवढं मात्र कर. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपास. एखाद्या ग्रॅमनं वर यायला हवं. आलं तरी औषध थांबवू नकोस, आकडा बरोबर झाल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवतात, साठा भरायला. नाही आलं तर आधी दूध खरोखर ४०० झालं का आणि डोस किती चुकले ते बघ. तरीही हललं नाही तर डॉक्टरांना एचपीएलसीबद्दल विचार, हिमोग्लोबिनचे प्रकार बघायची ती रक्ततपासणी. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचा अंश असला तरी पेशी अशाच लहान दिसतात.

नाचणीचं सत्त्व शुक्रवारच्या गाडीनं रमेशकाकांबरोबर पाठवते. दोन डबे आहेत, लहान डब्यात भाजलेल्या मुगाच्या डाळीचं पीठ. दोन्ही फ्रीजमध्ये ठेव आणि महिन्यात संपव. आणि आज रात्रीपासून १२०.

तुझी,
आई